सदाअण्णाच्या गाडीची धून

"सगळ्या वायरी काप मिस्त्री, एक बी ठेवू नगंस," पोपट म्हणाला.

मी गाडीखाली उताणा पडलो होतो. मला त्याच्या चपला तेवढ्या दिसत होत्या. "सगळ्या कापल्यावर गाडी काय तू ढकलत नेणार मिरजेला?" मी म्हणालो.

त्यावर तो गप्प बसला. पोपट एरवी गप्प बसणारा माणूस नव्हे. गावातल्या एका मंडळाचा स्वर्गरथ तो चालवायचा आणि मयताच्या घरीसुद्धा चहात साखर कमी पडली तर बोलून दाखवायचा. पण आज गाडीच्या पलीकडच्या अंगाला निवृत्ती दिवटे उभा होता, आणि त्याचा थोरला भाऊ सकाळीच मिरजेच्या दवाखान्यात वारला होता.

थोरला भाऊ म्हणजे सदाअण्णा. माझा दोस्त. आणि ज्या गाडीखाली मी पडलो होतो ती गाडीही एकेकाळी सदाअण्णाचीच.

आता बरीच वर्षं झाली त्याला. बाजारपेठेत माझं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान आणि सदाअण्णाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान एकाच भिंतीला लागून होती. भिंतीत वरच्या बाजूला एक भोक होतं. त्यातून आम्ही एकमेकांना पक्कड द्यायचो, तंबाखूची पुडी द्यायचो आणि वेळ पडली तर शिव्याही द्यायचो. पुढं रेडिओ कुणी दुरुस्तीला आणेना. अण्णानं दुकान काढून टाकलं, एक जुनी व्हॅन घेतली आणि बेकरीचा माल टाकायला लागला. खारी, टोस्ट, बटर, नानकटाई. दिवसभर गावातल्या आणि आजूबाजूच्या वाड्यांवरच्या दुकानांतून फिरायचा आणि दिवेलागणीला घरी यायचा. केसांवर, मिशांवर, कानांच्या पाळ्यांवर सगळीकडं मैदा. मी म्हणायचो, "अण्णा, तुला तळून काढला तर खुसखुशीत लागशील."

घरी जाताना तो माझ्या दुकानासमोर गाडी हळू करायचा. मी म्हणायचो, बस, चहा सांगतो. तो हात हलवून म्हणायचा, "बसत न्हाई. पाणी निवंल." आणि पुढं जायचा. रोज हेच. मला वाटायचं, आंघोळीच्या पाण्यावरूनही बायकोच्या धाकात आहे बिचारा.

त्या गाडीचं वायरिंग त्यानं मला करू दिलं नव्हतं. मी बोलून बघितलं, रागावून बघितलं. "माझ्या गाडीची वायर मीच वढणार," म्हणाला. रेडिओच्या दुकानातलं एक भेंडोळं उरलं होतं, सगळी काळी वायर. तीच त्यानं गाडीभर फिरवली. आम्ही लोक लाल, पिवळी, हिरवी वायर वापरतो ती हौस म्हणून नव्हे. उद्या बिघाड झाला तर कुठली कुठं जाते ते कळावं म्हणून. अण्णाच्या गाडीत पत्रा उचलला की सगळीकडं काळंच. देवानं बिघाड दिला तर देवानंच शोधावा.

आणि त्या काळ्या जाळ्यात कुठंतरी त्यानं ती धून बसवली होती.

कुठल्या गाण्याची धून ते गावात कुणालाच ओळखता आलं नाही. पोपट म्हणायचा लावणी, निवृत्ती म्हणायचा आरती. स्वस्तातलं यंत्र, त्याचे निम्मे सूर चुकलेले. पण कोष्टी गल्लीत संध्याकाळी ती वाजली की पोरं खेळ आवरायची आणि बाया दिव्याला हात घालायच्या. त्या गल्लीच्या शेवटाला देवळाची भिंत आहे. चारचाकी वळवायला जागाच नाही; आत न्यायची तर पाठमोरीच न्यावी लागते. अण्णाचं घर अगदी शेवटी. रोज संध्याकाळी गाडी पाठमोरी आत शिरायची आणि धून वाजायची.

पुढं अण्णाला पोटाचं दुखणं लागलं. गाडी चालवणं होईना, तेव्हा मंडळानं ती स्वर्गरथ करायला घेतली. आतले फळ्यांचे खण काढले, तिरडी सरकवायला लोखंडी पट्ट्या ठोकल्या, बाहेरून पांढरा रंग दिला. मी अण्णाला म्हणालो, "विकलीस अखेर." तो हसला. "विकली कुठं? जागा धरून ठेवलीया."

फिनेलनं धुतली, धूप घातला, तरी तिचा वास गेला नाही. उन्हात तापली की आतून ताज्या खारीचा वास यायचा. मयताला आलेल्या माणसांना भूक लागायची आणि मग त्यांची त्यांनाच लाज वाटायची.

धूनही गेली नाही. मंडळाच्या लोकांना ती आहे हे आधी माहीतच नव्हतं. एका संध्याकाळी एका मोठ्या घरची म्हातारी गेली, पोपटानं गाडी स्मशानाच्या फाटकातून मागं घेतली आणि धून सुरू झाली. सगळी माणसं वळून बघायला लागली. कुणीतरी हसलं म्हणे. पोपटानं दुसऱ्या दिवशी गाडी माझ्याकडं आणली. मी दुपारभर गाडी मागं घेऊन, पुढं घेऊन बघितलं. वाजली नाही. त्यानंतरही कधी वाजायची, कधी वाजायची नाही.

"दुकानात कशी वाजंल?" पोपट तेव्हा म्हणाला होता. "तिला मयताचं दारच लागतंय."

आज मात्र ती काढणं भागच होतं. का ते निवृत्तीनं आल्या आल्या सांगितलं होतं.

"वहिनीला अजून सांगितलं न्हाई दस्तू," तो म्हणाला. माझं नाव दस्तगीर, पण गावानं त्यातलं निम्मंच ठेवलंय. "सकाळीच फोन आला. मी कुठल्या तोंडानं सांगू? आंधळं माणूस, साखर वर-खाली हुतीया, घरात एकटी. शेजारच्या बाया म्हणल्या, आणल्यावरच सांगू, आमी जवळ बसतो. तवर दवाखान्यातनं सोडणार हाईत म्हणून सांगितलंय."

"घरी आणतायत, एवढंच सांगितलंय?"

"एवढंच. खरंच हाय की त्ये." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "दुसरी गाडी बघितली, मिळंना. हीच न्यायला लागणार. आन् गल्लीत शिरताना ती धून वाजली म्हंजे? गाडीचा स्वर्गरथ केलाय ह्ये अण्णानं तिला कळू दिलं न्हाई. तिला वाटंल, अण्णा बरा होऊन स्वतः गाडी चालवत आलाय. हसत दारात यील रं. मला बघवणार न्हाई."

मलाही बघवलं नसतं. शेवंतावहिनीचे डोळे साखरेनं गेले, तेव्हापासून ती सगळा संसार कानानं करायची. माझ्या फटफटीचा आवाज ऐकून आतून म्हणायची, "दस्तूभावजी, प्लग बदला, अडखळतीया." म्हणून मी काही न विचारता गाडीखाली शिरलो होतो.

आमच्या धंद्यात रिले म्हणून एक चीज असते. काडेपेटीएवढी डबी. तिला जराशी वीज मिळाली की आत टक् होतं आणि ती पुढं मोठी वीज सोडते. हॉर्नला एक, दिव्यांना एक, असे गाडीत ठिकठिकाणी असतात. सापडत नसला तर माझी रीत साधी. एकानं चावी फिरवून एकेक बटण दाबायचं, आणि मी डब्यांवर बोटं ठेवून बसायचं. टक् झालं की बोटाला कळतं.

पोपट आत बसला. मी डॅशबोर्डखाली डोकं घातलं.

"हॉर्न."

टक्.

"पुढचे दिवे."

टक्.

"आता मागं टाक गिअर."

काही नाही.

डॅशबोर्डखाली एक बझर सापडला. तो दाराचा निघाला. दार उघडं राहिलं की चिरकायचा. काढून टाकला. मागच्या बंपरखाली दुसरा सापडला. बॅटरीला लावून बघितला तर नुसता टी टी करत होता. तोही काढला. तरी मन मानेना. मग गिअरबॉक्सला रिव्हर्सचा जो स्विच असतो त्याची वायरच उपटली. आता गाडी मागं जातेय हे गाडीलाच कळणार नव्हतं.

"टाक मागं."

पोपटानं गिअर टाकला. काही वाजलं नाही.

"झालं," निवृत्ती म्हणाला.

"झालं कुठं? मघाशी तरी कुठं वाजत हुती?" मी म्हणालो. मला धुनीचं यंत्र सापडलं नव्हतं, तिचा रिले सापडला नव्हता. गप्प आहे म्हणजे मेली असं आमच्या धंद्यात धरत नाहीत. आणखी पत्रे उचलायला हवे होते, पण ऊन उतरायला लागलं होतं आणि मिरजेला अण्णा वाट बघत होता. वाट बघत होता असंच माझ्या मनात आलं.

मी पक्कड आणि स्क्रू ड्रायव्हर खिशात घातला. "मी येतो संगं. मागं बसतो. वाजली तर वाजली तिथं कापतो."

मिरजेहून परत येताना मी आणि निवृत्ती मागं, अण्णाच्या दोन बाजूंना बसलो. अण्णा किती वाळला होता. पांढऱ्या चादरीत तो मावून वर जागा उरत होती. गाडीच्या पत्र्यानं दिवसभर ऊन खाल्लं होतं, आणि तो वास यायला लागला. खारीचा, डालड्याचा. इतका ओळखीचा, की मला वाटलं आता हा कान झाडत उठेल आणि मैदा उडेल. मी खिडकीकडं तोंड केलं.

"शेवटाला काय म्हणला?" मी विचारलं.

"काल रातच्याला म्हणला, उद्या सोडतील का? म्हणलं, सोडतील. मग म्हणला, दिवे लागायला घरात न्या मला, अंधार करू नका, ती वाट बघती." निवृत्तीनं अण्णाच्या पायावरची चादर सारखी केली. "दुसरं काय बोलला न्हाई."

गावाच्या शिवेवर आलो तेव्हा दिवस मावळला होता. बाजारपेठेत माझ्या बंद दुकानासमोर पोपटानं का कोण जाणे, गाडी जरा हळू केली. मग पुढं गेला.

कोष्टी गल्लीच्या तोंडाला माणसं जमली होती. सगळी दबक्या आवाजात बोलत होती. कुणी बिडीसुद्धा ओढत नव्हतं. गल्लीच्या आतल्या टोकाला, अण्णाच्या दारापासून जरा लांब, तीन विटा मांडून ठेवलेल्या मला काचेतून दिसल्या. शेजारी नवं मडकं आणि लाकडं. मयताच्या आंघोळीचं पाणी घरातल्या चुलीवर तापवत नाहीत. बाहेर अशी वेगळी चूल मांडतात. पण लाकडं पेटवली नव्हती. पेटवली असती तर धुराच्या वासानं वहिनीला कळलं असतं. घरात शेजारच्या बाया तिच्याभोवती बसून लसणाचे भाव, कुणाच्या तरी सुनेचं डोहाळजेवण असं कायकाय बोलत असणार. आतून बांगड्यांचा आणि बोलण्याचा आवाज येत होता. एवढं खोटं एवढ्या मायेनं बोलणारी गल्ली मी दुसरी बघितली नाही.

पोपटानं गल्लीच्या तोंडाशी गाडी आडवी लावली आणि माझ्याकडं मान वळवली. "घेऊ मागं?"

"घे. हळू घे."

"थांब," निवृत्ती म्हणाला. रस्त्यात गाडी हादरून अण्णाच्या तोंडावरची चादर सरकली होती आणि मान एका अंगाला कलली होती. "असा नगं दिसायला बायांला. पोपट, हितला दिवा लाव जरा. दिसंना."

पोपटानं मागचा दिवा लावला. छताला एक पिवळा गोळा होता. त्याच्या उजेडात अण्णा रोज इथंच थांबून माल मोजायचा आणि उरलेला घरात न्यायला काढायचा. निवृत्तीनं भावाची मान सरळ केली, हनुवटीखाली बांधलेली पट्टी घट्ट केली. मी धक्का बसू नये म्हणून एक हात अण्णाच्या खांद्यावर ठेवला आणि दुसरा बाजूच्या पत्र्यावर टेकला.

पोपटानं गिअर मागं टाकला.

माझ्या तळहाताखाली, पत्र्याच्या आत, टक् झालं. आणि धून सुरू झाली.

निवृत्तीचं तोंड उघडंच राहिलं. पोपटाचा पाय घाबरून ब्रेकवर गेला, पण गिअर तसाच राहिला आणि धून वाजतच राहिली. चुकलेल्या सुरांची, लावणी का आरती ते न कळणारी. दिवसभर जी मला सापडली नव्हती ती आता माझ्या हाताखाली थरथरत होती. आणि त्या थरथरीतच मला ती सगळी कळली.

माझी उपटलेली वायर तिला लागतच नव्हती. अण्णानं गिअरच्या दांड्याखाली स्वतःचं वेगळं बटण बसवलं होतं, आणि त्याला वीज घेतली होती या मागच्या दिव्यातून. दिवा लागलेला असला आणि गाडी मागं निघाली, दोन्ही एकदम झालं, तरच ती वाजायची. म्हणून माझ्या दुकानात उन्हात ती कधी वाजली नाही. म्हणून स्मशानात अंधार पडल्यावर वाजली. एवढा खटाटोप का केला असेल, तेही कळलं. गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान आहे. अण्णा दिवसातून दोनतीनदा तिथं माल टाकायला यायचा आणि दर वेळी तिथं गाडी मागं घ्यायचा. नुसत्या गिअरवर वाजली असती तर घरात बसलेली वहिनी दर वेळी उठली असती. उगाच. अण्णाला ते नको होतं. ती वाजायची ती फक्त दिवस संपला की. दिवा लावला, माल मोजून झाला, आता मी घरीच येतोय, एवढं एकच सांगायला.

"काप," निवृत्ती कुजबुजला. "दस्तू, काप की रं."

पत्र्याला एक छोटं झाकण होतं, एका स्क्रूवर. मी ते काढलं. आत डबी होती आणि तिच्यातून निघालेली काळी वायर. मी पक्कड वायरीला लावली.

तेवढ्यात घरातून भांड्याचा आवाज आला. मग वहिनीचा.

"आले बाई. आले. सरका, उठू द्या मला. पाणी परत तापत ठेवते."

बायांचं बोलणं बंद पडलं. कुणीतरी म्हणालं, "बसा वो काकी, आमी ठेवतो." ती म्हणाली, "तुमाला न्हाई जमायचं. त्यांचं मापात लागतंय." आणि ती हसली. मला ते हसू गाडीत ऐकू आलं.

माझा हात वायरीवर तसाच राहिला. ती धून तिला शेवटपर्यंत पाठ होती. मधेच तोडली असती तर तिला तिथल्या तिथं, एकटीला, पाण्याच्या हंड्याजवळ उभी असताना कळलं असतं. आणि खरं सांगायचं तर एवढंच कारण नव्हतं. अण्णा घरी येत होता. येताना रोज सांगून यायचा. मी कोण त्याचं तोंड दाबणारा?

"काप म्हणतोय न्हवं!" निवृत्तीचा आवाज फुटला.

"मला न्हाई जमायचं," मी म्हणालो. पक्कड परत खिशात घातली. "पोपट, घे मागं. सावकाश घे, अण्णा घ्यायचा तशी."

पोपटानं क्लच सोडला. गाडी पाठमोरी गल्लीत शिरली. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं भिंतीला चिकटून उभी होती, आणि धून वाजत होती. एका ओट्यावरच्या म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली. दोन पोरं सवयीनं गाडीमागं पळत आली आणि मोठ्यांचे चेहरे बघून थांबली. गाडी देवळाच्या भिंतीशी आली. पोपटानं गिअर काढला, आणि धून जिथं रोज थांबायची तिथंच थांबली.

वहिनी दारात आली. हातात फडकं होतं. तिनं नेहमीसारखा उजवा हात पुढं केला, पंजा उघडा. अण्णा उतरला की गाडीची किल्ली तिच्या हातात द्यायचा; ती आत जाऊन खुंटीला अडकवायची. हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

पोपट किल्ली घेऊन खाली उतरला होता. तो तिथंच उभा राहिला. पुढं जाईना, मागं येईना. वहिनीचा हात तसाच होता.

"द्या की," ती म्हणाली. "आज काय झालं? दमलासा का?"

मग पोपट, तोंडाळ पोपट, पुढं गेला आणि त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली. तिनं मूठ मिटली. पण ठेवताना त्याची बोटं तिच्या तळव्याला लागली, आणि ती बोटं अण्णाची नव्हती.

तिनं मूठ तशीच धरली. कान जरा वळवला, गाडीचं मागचं दार उघडलं त्या दिशेला. लोखंडी पट्ट्यांवरून अण्णाला बाहेर सरकवल्याचा आवाज झाला.

"निवृत्तीभावजी," ती म्हणाली.

"वहिनी."

"कवा?"

"सकाळी."

तिनं मान हलवली. एकदाच. मग एका बाईनं हंबरडा फोडला, आणि दिवसभर दाबून धरलेलं सगळ्या गल्लीचं रडं एकदम बाहेर आलं. निवृत्ती दाराच्या चौकटीला डोकं लावून रडला. मी गाडीतून उतरलोच नाही. अण्णाला जिथून उचललं होतं त्या रिकाम्या पट्ट्यांजवळ मी बसून राहिलो आणि लहान पोरासारखा रडलो. वर तो पिवळा दिवा जळतच होता.

जरा वेळानं म्हाताऱ्या माणसांनी सूत्रं हातात घेतली. अण्णाला दारासमोर पाटावर टेकवून बसवलं. कुणीतरी तीन विटांची चूल पेटवायला गेलं. लाकडं ओली निघाली. नुसता धूर व्हायला लागला.

"पाणी तापलंय," वहिनी म्हणाली.

ती अजून दारातच उभी होती. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, पण आवाज साधा होता.

एक म्हातारी म्हणाली, "नगं गं बाई. घरातल्या चुलीवरचं चालत न्हाई. बाहीर तापवत्यात त्ये."

"त्यांच्यासाठीच ठेवलंय," वहिनी म्हणाली. "ते आल्यावर ठेवलंय. मी काय मढ्यासाठी ठेवलं न्हाई."

म्हातारीनं निवृत्तीकडं बघितलं. सगळ्यांनीच बघितलं. निवृत्तीनं उपरण्यानं डोळे पुसले आणि चुलीजवळच्या माणसाला म्हणाला, "राहू द्या ती लाकडं. वहिनीचंच पाणी आणा."

दोघांनी हंडा आतून उचलून आणला. पाण्यातून वाफा येत होत्या. वहिनी भिंतीला हात लावत पायरी उतरली, अंदाजानं अण्णाजवळ आली आणि खाली बसली. तिनं बादलीत कढत पाणी ओतायला सांगितलं. मग गार. मग हात कोपरापर्यंत पाण्यात घातला, ढवळला, थांबली. अजून थोडं गार घालायला सांगितलं. परत हात घातला.

"त्यांना कढत सोसत न्हाई," ती कुणालातरी समजावल्यासारखं म्हणाली.

मग तिनं हात पुढं करून अण्णाचं कपाळ शोधलं. केसांतून बोटं फिरवली, कानाच्या पाळीवर फिरवली, जिथं रोज मैदा असायचा. तिथं आज काही नव्हतं. तिचा हात तिथं बराच वेळ राहिला. भोवतीच्या बाया पुन्हा मोठ्यानं रडायला लागल्या.

तिनं तांब्या भरून घेतला आणि बायांच्या दिशेला तोंड वळवलं.

"आता रडत बसू नका गं," ती म्हणाली. "पाणी निवंल."